रुलिंग दाखल करताना या चुका टाळा

रुलिंग म्हणजे युक्तिवादाला आधार म्हणून कोर्टापुढे ठेवायचा आधीचा निकाल, आणि सायटेशन म्हणजे तो कुठल्या रिपोर्टमध्ये (छापील निकालसंग्रहात) सापडतो त्याचा पत्ता. ‘(२०१६) २ एससीसी ३६’ म्हणजे ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ या रिपोर्टचा २०१६ सालचा दुसरा खंड, पान ३६. कंसातलं वर्ष रिपोर्टच्या खंडाचं असतं. या पानावरचा प्रकाश विरुद्ध फुलवती हा निकाल लागला १६ ऑक्टोबर २०१५ रोजी, त्यामुळे कोर्टाच्या संकेतस्थळावर २०१६ सालात तो शोधत बसू नका. एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर) या दुसऱ्या रिपोर्टच्या सायटेशनमध्ये खंड येत नाही: ‘एआयआर १९७३ एससी १४६१’ म्हणजे वर्ष, कोर्ट, पान.

सर्वांत महागात पडते ती चूक म्हणजे रुलिंग आज जिवंत आहे का, हे न पाहणं. फुलवतीचंच घ्या. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात असतील तरच मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा, असं दोन न्यायमूर्तींनी ठरवलं. २०१८ मध्ये दनम्मा प्रकरणात दोनच न्यायमूर्तींनी, वडील २००१ मध्ये वारले असतानाही मुलींना हिस्सा दिला. तिढा सुटला ११ ऑगस्ट २०२० ला. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, (२०२०) ९ एससीसी १, या निकालात तीन न्यायमूर्तींनी वडील हयात असण्याची अट काढली आणि फुलवती ओव्हररूल झाला, म्हणजे रद्दबातल ठरला. कपाटातल्या २०१६ च्या खंडात मात्र पान ३६ जसंच्या तसं आहे. त्यावर कुणी शिक्का मारून जात नाही. म्हणून ऑनलाइन डेटाबेसमध्ये त्या निकालाचा पुढे कुठे उल्लेख झाला ते पाहा, आणि युक्तिवादाच्या सकाळी पुन्हा एकदा पाहा. न्यायमूर्ती किती होते, हेही टिपून ठेवा.

हेडनोट, म्हणजे रिपोर्टमध्ये निकालाच्या वर छापलेला सारांश, संपादक लिहितो, न्यायमूर्ती नाही. विनीता शर्मात ‘तोंडी वाटप ग्राह्य नाही’ एवढीच ओळ उचललीत, तर पुढचा अपवाद निसटतो: सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल, तर अपवादात्मक प्रकरणात तोंडी वाटपही मान्य होऊ शकतं. समोरचा वकील नेमकं तेच वाचून दाखवेल.

पॅरा क्रमांक देताना कोणत्या रिपोर्टमधला ते लिहा, कारण एससीसी आणि कोर्टाची मूळ प्रत यांतले क्रमांक नेहमी जुळतीलच असं नाही. आणि पॅरा कुणाच्या निकालपत्रातला? १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्ती होते, कौल ७ विरुद्ध ६. अल्पमतातला सुंदर उतारा बहुमताचा म्हणून वाचला, की पुढचा सगळा युक्तिवाद संशयात सापडतो.

चॅटबॉटने दिलेलं सायटेशन पान उघडल्याशिवाय यादीत घेऊ नका. खंड खरा, पान खरं आणि तिथे भलताच खटला, असं होतं. सुप्रीम कोर्टाचा अधिकृत रिपोर्ट, एससीआर, ऑनलाइन मोफत आहे. पडताळायला पाच मिनिटं पुरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या अलीकडच्या निकालांना न्यूट्रल सायटेशन, म्हणजे कुठल्याही रिपोर्टवर अवलंबून नसलेला कोर्टाचाच क्रमांक, असतं. त्यात ‘बीएचसी’पुढे (बॉम्बे हायकोर्ट) ‘एनएजी’ असेल तर नागपूर खंडपीठ, शेवटी ‘डीबी’ असेल तर दोन न्यायमूर्ती.

प्रती तीन काढा: कोर्टाला, समोरच्या वकिलांना, स्वतःला. तिन्ही एकाच रिपोर्टच्या हव्यात, नाहीतर ‘पान कितवं?’ यातच वेळ जातो.