रायझन ५ ३६०० ओव्हरक्लॉक करताना या चुका टाळा

एएमडीचा रायझन ५ ३६०० हा सहा कोअर आणि बारा थ्रेडचा प्रोसेसर जुलै २०१९ मध्ये बाजारात आला आणि बी४५० चिपसेटच्या मदरबोर्डाबरोबर त्याची जोडी कमी बजेटच्या असंख्य संगणकांत बसली. त्याचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) खुला असल्यामुळे बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन वेग वाढवणे, म्हणजेच ओव्हरक्लॉक करणे, अगदी सोपे आहे. अडचण त्यानंतर सुरू होते. संगणक मध्येच रीस्टार्ट होऊ लागला, निळी स्क्रीन दिसू लागली किंवा गेम अचानक बंद पडू लागला, की ‘प्रोसेसर झेपत नाही’ असा निष्कर्ष काढून लोक व्होल्टेज आणखी वाढवतात. प्रत्यक्षात दोष बऱ्याचदा रॅममध्ये, ताणाखाली घसरणाऱ्या व्होल्टेजमध्ये किंवा बोर्डाच्या पॉवर सर्किटमध्ये असतो, आणि तो सापडत नाही याचे कारण मल्टिप्लायर, व्होल्टेज आणि एक्सएमपी (रॅमला पाकिटावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग) ही तिन्ही सेटिंग एकाच बैठकीत बदललेली असतात. म्हणून आधी सर्व काही मूळ स्थितीत आणावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

त्याआधी बोर्ड तपासावा. ए३२० आणि ए५२० चिपसेटवर प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग अधिकृतपणे करता येत नाही, त्यामुळे तिथे मल्टिप्लायरचा पर्याय सापडत नसेल तर तो बोर्डाचा बिघाड नव्हे. बी४५० चे सुरुवातीचे बोर्ड या प्रोसेसरच्या आधीचे आहेत, त्यामुळे त्यांना बायोस अपडेट लागतो.

मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये दिसलेले व्होल्टेज कायमचे ठरवणे

ही चूक सर्वांत जास्त दिसते आणि माझ्या मते सर्वांत घातकही आहे. मूळ सेटिंगवर हा प्रोसेसर हलक्या कामात १.४ ते १.५ व्होल्टपर्यंत जाताना दिसतो. ते नियमाला धरूनच असते, कारण त्या वेळी एखादाच कोअर क्षणभर ४.२ गिगाहर्ट्झच्या बूस्टकडे (तात्पुरत्या वाढीव वेगाकडे) धावत असतो आणि प्रवाह कमी असतो. सगळे कोअर कामाला लागले की प्रोसेसर तेच व्होल्टेज स्वतःहून खाली आणतो आणि एकूण वीज ८८ वॉटच्या मर्यादेत ठेवतो. हलक्या कामातला तो व्होल्टेजचा आकडा पाहून कोणी बायोसमध्ये १.४५ व्होल्ट कायमचे लिहून टाकले, तर मल्टिप्लायर हाताने ठरवल्यामुळे ती मर्यादा बाजूला पडते आणि सहाही कोअर पूर्ण ताणाखाली तेवढ्याच व्होल्टेजवर चालू राहतात. सात नॅनोमीटरच्या चिपसाठी ही दीर्घकाळची इजा आहे. काही महिन्यांनी पूर्वी स्थिर असलेला वेगही टिकेनासा होतो, आणि तेव्हा मूळ कारण कोणाच्या लक्षातही राहिलेले नसते. सर्व कोअरसाठी स्थिर व्होल्टेज द्यायचेच असेल, तर ते १.३ च्या आसपास ठेवावे आणि त्यात जो वेग मिळेल तो मान्य करावा.

त्यातून मिळते काय, याचाही विचार करावा. सगळे कोअर ४.१ गिगाहर्ट्झवर बांधले, तर रेंडरिंगसारख्या कामात थोडा फायदा होतो, पण एका कोअरवर मिळणारा ४.२ चा बूस्ट मात्र हातचा जातो. ज्यांचा संगणक मुख्यतः गेमसाठी आहे, त्यांनी प्रोसेसरचा वेग त्याच्यावरच सोडून रॅमकडे लक्ष दिलेले बरे.

लोड-लाइन सेटिंगचा उलटा अर्थ लावणे

बायोसमध्ये १.३० व्होल्ट दिले आणि एचडब्ल्यूइन्फो हे प्रोसेसरचे आकडे दाखवणारे सॉफ्टवेअर उघडून सर्व कोअरवर ताण दिला, की ‘एसव्हीआय२ टीएफएन’ या नावाच्या, प्रत्यक्ष व्होल्टेज दाखवणाऱ्या ओळीत आकडा १.२५ किंवा त्याहून खाली गेलेला दिसतो. प्रवाह वाढला की व्होल्टेज असे उतरतेच. चाचणी सुरू होताच संगणक बंद पडत असेल, तर ही घसरण आधी पाहावी. ती रोखण्यासाठी लोड-लाइन कॅलिब्रेशन असते, पण त्याच्या पातळ्यांचे क्रमांक सर्व कंपन्यांचे सारखे नसतात. काही बोर्डांवर १ ही सर्वांत सौम्य पातळी असते, तर काहींवर तीच सर्वांत कडक असते. दुसऱ्या कंपनीच्या बोर्डासाठी दिलेला आकडा जसाच्या तसा उचलला, तर नेमके उलट घडते. सर्वांत कडक पातळी तर कधीच निवडू नये, कारण ताण अचानक सुटतो तेव्हा व्होल्टेज ठरवलेल्या आकड्याच्या वर उसळते आणि तो क्षणिक झटका सॉफ्टवेअरमध्ये दिसतही नाही. मधली पातळी निवडून ताणाखालचा आकडा वाचावा आणि गरज भासल्यास मूळ व्होल्टेज अगदी थोडे वाढवावे.

रॅमचा दोष प्रोसेसरच्या माथी मारणे

एक्सएमपी सुरू केल्यावर रॅम ३२०० किंवा ३६०० च्या वेगाने धावू लागते, आणि ती साधी सेटिंग वाटली तरी प्रत्यक्षात तेही ओव्हरक्लॉकिंगच असते. रॅमच्या पाकिटावरचा वेग त्या एका किटपुरता तपासलेला असतो. वेगवेगळ्या वेळी घेतलेली दोन किट एकत्र लावली, तर प्रत्येकावर ३२०० लिहिलेले असूनही चारही स्टिक त्या वेगाने चालतीलच असे नाही. दोनच स्टिक असतील, तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात, आणि चुकीच्या स्लॉटमुळेही एक्सएमपी रुसते. या प्रोसेसरमध्ये इन्फिनिटी फॅब्रिकचा (आतले भाग जोडणाऱ्या दुव्याचा) वेग रॅमशी बांधलेला असतो. ३६०० च्या रॅमला फॅब्रिक १८०० मेगाहर्ट्झवर ठेवले तर, रॅमचे खरे घड्याळ ३६०० च्या निम्मे असल्यामुळे, दोन्ही एकास एक चालतात आणि बहुतेक प्रोसेसर तेवढे निभावतात, मात्र १९०० सर्वांना जमत नाही.

दोष कुठे आहे हे ओळखण्यासाठी एक्सएमपी बंद करावी आणि वाढवलेला वेग तसाच ठेवून दिवसभर नेहमीचे काम करावे. संगणक शांत राहिला तर रॅमकडे वळावे आणि मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर रात्रभर चालवावे, कारण त्यातली एखादी चूकसुद्धा चालणार नाही. बिघडलेल्या रॅमने लिहिलेली फाइल डिस्कवर तशीच बिघडलेली राहते.

विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअरही (चुकांच्या नोंदी दाखवणारे साधन) पाहावा. तिथे ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ या नावाने १८ क्रमांकाची नोंद असेल, तर प्रोसेसरने न सावरता येणारी चूक नोंदवलेली असते. तिच्यातला एपीआयसी आयडी (कोअर ओळखण्याचा क्रमांक) प्रत्येक वेळी तोच असेल, तर एकच कोअर कमकुवत आहे असे समजावे. क्रमांक १९ ही सावरलेली चूक असते आणि तिच्या तपशिलात बस किंवा इंटरकनेक्टचा उल्लेख आला, तर संशय फॅब्रिकवर घ्यावा.

फक्त प्रोसेसरचे तापमान पाहणे

या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे आणि सोबत मिळणारा रेथ स्टेल्थ कूलर लहान आहे, त्यामुळे बरेच जण उंच टॉवर कूलर लावतात. प्रोसेसर थंड होतो हे खरे, पण जुना कूलर हवा खाली फेकत असे आणि तीच हवा बोर्डाच्या व्हीआरएमवरून (प्रोसेसरला वीज देणाऱ्या सर्किटवरून) जात असे. टॉवर कूलर ती आडवी मागे नेतो. स्वस्त बोर्डावर व्हीआरएमला हीटसिंक नसेल किंवा नावापुरते असेल, तर प्रोसेसर ७० अंशांवर असतानाही वेग एकाएकी कोसळतो आणि काही सेकंदांनी पूर्ववत होतो. असे दिसले तर व्होल्टेजला हात न लावता कॅबिनेटचा एक पंखा त्या भागाकडे वळवावा. विदर्भात जानेवारीत स्थिर ठरलेली सेटिंग मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत टिकेलच असे गृहीत धरू नये. तिथे चाचणी उन्हाळ्यातल्या दुपारीच करावी.

चाचणीही एकाच प्रकारची नसावी. सिनेबेंचची रेंडरिंग चाचणी दहा मिनिटे चालली म्हणजे सेटिंग स्थिर झाली असे नाही, कारण काही संगणक ताणाखाली टिकतात आणि ब्राउझर उघडा ठेवून नुसते बसले की रीस्टार्ट होतात. प्राइम९५, ओसीसीटी (या ताण देणाऱ्या चाचण्या) आणि साधा रिकामा वेळ, या तिन्हींतून संगणक जायला हवा. ऑफसेटने (मूळ व्होल्टेजमधून ठरावीक आकडा वजा करून) व्होल्टेज कमी केले असेल, तर एचडब्ल्यूइन्फोमधला ‘इफेक्टिव्ह क्लॉक’, म्हणजे प्रत्यक्ष वेग, अवश्य पाहावा. व्होल्टेज फार कमी झाले असेल, तर वरचा आकडा ४.१ दाखवत असतो आणि प्रोसेसर आतून संथ चालत असतो, म्हणून सिनेबेंचचा गुणांकही आधीच्यापेक्षा घटतो.

संगणक सुरूच होत नाही तेव्हा घाई करणे

रॅमची सेटिंग बदलल्यावर स्क्रीन काही काळ काळी राहते आणि संगणक आपोआप दोन-तीनदा बंद-चालू होतो. त्या वेळी पॉवरचे बटण दाबू नये, थोडे थांबावे. तरीही काही झाले नाही आणि बोर्डावरचा डीरॅमचा (रॅमचा) दिवा पेटलेला राहिला, तर सीएमओएस क्लिअर करावे, म्हणजे बायोसची सेटिंग पुसून मूळ स्थितीत आणावीत. त्यासाठी प्लग काढून मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडाव्यात किंवा नाण्याच्या आकाराची सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटे काढून ठेवावी.

यानंतर विंडोज सुरू झाले नाही, तर डिस्क गेली असे समजून नवे इन्स्टॉलेशन करू नये. सीएमओएस क्लिअर केल्यावर सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय), साटा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत) आणि बूटचा क्रम हेही मूळ स्थितीत जातात, आणि जुन्या पद्धतीने इन्स्टॉल केलेले विंडोज सीएसएम बंद असताना बोर्डाला दिसतच नाही. ही सेटिंग पूर्वीसारखी केली की विंडोज बहुधा पुन्हा सुरू होते. बायोस अपडेट करायचा असेल आणि बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) चालू असेल, तर रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून घ्यावी, कारण अपडेटनंतर एफटीपीएम (त्या कुलपाची किल्ली जपणारी प्रोसेसरमधली सोय) पुसले गेले तर ती विचारली जाते. बायोसमध्ये साठवलेली प्रोफाइलही अपडेटनंतर अनेकदा वापरता येत नाहीत, म्हणून प्रत्येक पानाचा फोटो फोनमध्ये काढून ठेवावा.