कोपराचा कॅरिंग अँगल गोनिओमीटरने कसा मोजायचा

हात खाली सोडून तळहात पुढे केला की कोपराखालचा भाग दंडाच्या सरळ रेषेत राहत नाही, थोडा बाहेर झुकतो. हा झुकाव म्हणजे कॅरिंग अँगल. दंडाच्या हाडाचं खालचं टोक कप्पीसारखं असतं आणि त्या कप्पीची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा जास्त खाली उतरलेली असते, म्हणून अल्ना, म्हणजे कोपराखालचं करंगळीच्या बाजूचं हाड, तिरकी बसते. प्रौढ पुरुषांत हा कोन साधारण ५ ते १० अंश, स्त्रियांत १० ते १५. लहान मुलांत तो कमी असतो आणि वयाबरोबर वाढतो. त्यामुळे मुलाचा आकडा मोठ्यांशी ताडून उपयोग नाही, त्याच्याच दुसऱ्या हाताशी ताडावा.

सुमारे ३० सेंमी लांबीचा, पूर्ण वर्तुळाचा प्लास्टिक गोनिओमीटर (एक स्थिर आणि एक हलती पट्टी असलेलं कोन मोजायचं साधन) आणि त्वचेवर खूण करायचं पेन पुरे. बोटांसाठीचा छोटा गोनिओमीटर नको. पट्टी आखूड असली की ती हाडाच्या रेषेत आहे की नाही, हे डोळ्याला कळत नाही.

दंड खांद्यापर्यंत उघडा करून व्यक्तीला भिंतीला पाठ लावून उभं करा. कोपर पूर्ण सरळ, तळहात पूर्ण पुढे. आता कोपराच्या दोन्ही बाजूंचे हाडाचे उंचवटे चाचपा. आतला ठळक लागतो, बाहेरचा जरा शोधावा लागतो. या दोघांना जोडणारी रेषा भिंतीला समांतर असायला हवी. नसेल तर खांदा फिरलेला आहे, तो आधी नीट करा. घाईत हीच पायरी सुटते आणि मग पुढचं सगळं चुकतं.

त्या रेषेचा मध्य कोपराच्या पुढच्या खळगीत खुणावा. मनगटावर अंगठ्याच्या आणि करंगळीच्या बाजूचं हाडाचं टोक शोधून त्यांचाही मध्य घ्या. गोनिओमीटरचा आस कोपराच्या खुणेवर ठेवा, हलती पट्टी मनगटाच्या खुणेकडे वळवा. स्थिर पट्टी दंडाच्या मधल्या रेषेवर, खांद्याच्या हाडाच्या बाहेरच्या कडेच्या रोखाने धरा. कमावलेल्या दंडावर स्नायूचा फुगवटा फसवतो, तिथे हाडाच्या खुणांवरच भरवसा ठेवा.

मापावर १६८ दिसलं तर कोन १८० वजा १६८, म्हणजे १२ अंश. काही गोनिओमीटरवर दुसऱ्या ओळीत थेट १२ छापलेलं असतं, म्हणून कोणती ओळ वाचली ते ठरवून घ्या. झुकाव आत, शरीराकडे असेल तर आकड्याआधी उणे चिन्ह लावा. गोनिओमीटर उचलून, पुन्हा लावून तीनदा मोजा आणि सरासरी घ्या. दोन्ही हात मोजा. एक-दोन अंशांचा फरक मोजणाऱ्याच्या हाताचाही असू शकतो. अर्धा अंश नोंदवणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

कोपर किंचित वाकलेलं आणि खांदा बाहेर फिरलेला असेल तर कोन खोटा वाढतो. तळहात आत वळला तर तो जवळजवळ नाहीसा होतो. कोपर मुळातच सरळ होत नसेल तर हे माप देऊ नका, किती अंश सरळ होतं ते लिहा. मुलाच्या ताज्या फ्रॅक्चरमध्ये तर मोजूच नये; तिथे डॉक्टर एक्स-रेवर बाउमान कोन, म्हणजे दंडाच्या हाडाची रेषा आणि त्याच्या खालच्या टोकाची वाढीची रेषा यांतला कोन, पाहतात.

फोटोवरून मोजायचं तर कॅमेरा कोपराच्या उंचीवर, समोर, साधारण दोन मीटरवर ठेवा. जवळून किंवा वाइड लेन्सने काढलेला फोटो रेषा वाकड्या करतो.

सैन्यदलांच्या अधिकारी भरतीच्या निकषांत, जुनं फ्रॅक्चर किंवा हालचालीतली अडचण नसेल तर, पुरुषांना १५ आणि स्त्रियांना १८ अंशांपर्यंत चालतं. म्हणून कोन कमी करणारे व्यायाम शोधले जातात. कोन हाडाच्या आकारातून येतो. वाढ झालेल्या माणसात व्यायामाने तो बदलत नाही. क्रिकेटच्या गोलंदाजीतले १५ अंश वेगळेच, तिथे चेंडू टाकताना कोपर किती सरळ होतं ते पाहतात.

लहानपणी कोपराच्या वर हाड मोडून वाकडं जुळलं तर हात बंदुकीच्या दस्त्यासारखा आत वळतो. उलट बाहेरचा झुकाव वाढलेला असेल आणि करंगळी-अनामिकेला मुंग्या येत असतील, तर आतल्या उंचवट्यामागची अल्नर नस ताणली जात असते. अशा वेळी आकडा घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे जा. हा त्रास हाड मोडल्यानंतर कित्येक वर्षांनीही सुरू होतो.