शेती शिकवणाऱ्या युवक मंडळात जायचं असेल तर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याबी गावात जावा, एखादं युवक मंडळ असतंच, पण बऱ्याच मंडळांचं काम गणपती, शिवजयंती आणि कबड्डीपुरतंच असतंय, म्हणून नाव द्यायच्या आधी एवढंच विचारा की मंडळाकडं कसायला जमीन हाय काय. दहा गुंठे असली तरी बास, वाट्यानं घेतलेली असली तरी चालतंय. जमीन नसली की नुसती भाषणं होतात, आणि भाषण ऐकून पेरणी येत नाही.

गावात असं मंडळ नसेल तर होबळीच्या (तालुक्यातल्या काही गावांच्या गटाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे शेती खात्याच्या ऑफिसात, जाऊन विचारा, कुठली पोरं एकत्र येऊन काय करतात ते तिथल्या लोकांना ठाऊक असतंय. बेळगाव जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रं दोन आहेत, एक बैलहोंगलकडं मत्तीकोपला, दुसरं गोकाक भागात तुक्कानट्टीला, तिथं तरुणांची ट्रेनिंगं कधी असतात ते विचारून ठेवा. वय १५ ते २९ असेल तर केंद्र सरकारच्या 'मेरा युवा भारत' या तरुणांसाठीच्या पोर्टलवर मोबाईलवरनंच नाव नोंदवता येतंय, तेबी करून टाका.

आत गेल्यावर खुर्ची मागू नका, काम मागा. मे महिन्यात गेलात तर सगळ्यात चांगलं, कारण तवा मातीचा नमुना काढायचा असतोय. शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागी व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, साधारण वीतभर खोल, कडेची माती खरवडून सगळी एकत्र करायची, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. खताच्या पोत्याजवळची किंवा बांधाकडेची माती घेऊ नका, रिपोर्ट चुकतोय. मग सोयाबीनचं बी तपासायचं, १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि आठवड्यानं मोजायचे, ७० च्या वर उगवले तर पेरायला हरकत नाही. भाताला १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून बी बुडवायचं, वर तरंगतंय ते पोकळ, ते काढायचं, खालचं दोन-तीनदा चांगल्या पाण्यानं धुवायचं. हे एकदा स्वतःच्या हातानं केलं की घरच्या शेतातबी वडील तुमचं ऐकायला लागतात, हे मी मनापासून सांगतो.

पुढारीपण कुठं शिकायचं म्हणाल तर वहीत. वर्गणी किती आली, बियाण्याची पावती कुठाय, रताळी एपीएमसीत (बाजार समितीत) काय दरानं गेली, हमाली-अडत किती कापली, हे सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं काम मागून घ्या. उलटे प्रश्न येतात, आवाज चढतात, तिथं शांत राहून पावती पुढं करता आली पाहिजे. आणि ऑफिसचे अर्ज कन्नडात असतात, आपली मराठी शाळेतली पोरं तिथं मागं सरतात, तसं करू नका, कन्नड चांगलं येणाऱ्या दोस्ताबरोबर बसून पहिला अर्ज स्वतः लिहा.

मुलींनी तर जायलाच पाहिजे. लावण, भांगलण, काढणी सगळं बायकाच करतात आणि मीटिंगला मात्र गडीच दिसतात, हे बदलायलाच हवं. एकटीला जायला अवघड वाटत असेल तर दोघी-तिघी मिळून जावा आणि मीटिंग रात्री नको, संध्याकाळी सहाला शाळेत घ्या म्हणून पहिल्याच दिवशी सांगा.

जाताना आधारची झेरॉक्स, दोन फोटो आणि वर्गणी घेऊन जावा, पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.