पावसाळ्याआधी चाकू घेताय? पाते नंतर पाहा, आधी सांधा पाहा

गोव्यात चाकूची परीक्षा व्हायला फार दिवस लागत नाहीत. मे महिन्यात चकचकीत दिसलेल्या पात्यावर जुलैत तांबूस ठिपके येतात, लाकडी मूठ फुगते, आणि घडीचा चाकू नखाने उघडता उघडत नाही. मग शिव्या पावसाला पडतात. खरे तर खोट पहिल्या दिवसापासून चाकूतच असते आणि ती बहुतेक वेळा फोटोत न दिसणाऱ्या जागी असते: धारेच्या मागची जाडी, घडीचा सांधा, मुठीत शिरलेले पात्याचे शेपूट. पार्सल परत करायची मुदत संपायच्या आत या जागा तपासून घ्यायच्या. अर्ध्या तासाचे काम आहे.

त्याआधी एक प्रश्न. चाकू नेणार कुठे?

'ट्रेकसाठी' म्हणून घेतलेला चाकू गोव्यात पुष्कळदा ट्रेकला नेताच येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या आगाऊ लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. त्याच कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकू नावानिशी आहे, आणि पात्याच्या लांबीची अट नाही. दूधसागर भगवान महावीर अभयारण्यात येतो. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव आणि बोंडला हीसुद्धा अभयारण्येच. म्हणजे पावसाळी भटकंतीच्या बहुतेक आवडत्या वाटा यात आल्या. तिथे चाकू घरी ठेवा, फळे घरूनच कापून न्या.

शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा वेगळा वर्ग आहे. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी घडवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत, त्यामुळे कुळागरातल्या कोयत्याची काळजी नको. पण 'सर्व्हायव्हल' नावाने मिळणारे दहा इंची खंजीर मागवताना हे लक्षात असू द्या. विमानाने जाताना, दाबोळी असो की मोपा, चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही. चेक-इनच्या सामानात टाका.

मग चाकू उरतो तो खाडीवर गळ टाकायला, कुळागरात, किनाऱ्यावर आणि घरच्या पडवीत. या कामांना ७ ते ९ सेंटिमीटरचे, पाठीकडे २ ते २.५ मिलिमीटर जाडीचे पाते पुरते. ४-५ मिलिमीटर जाड पाते हातात घेतल्यावर दणकट वाटते, पण त्याने अननस कापा: पाते पाचरीसारखे शिरते आणि फोड कापली जाण्याऐवजी फाटते. बांगडा साफ करायला याहूनही पातळ, दीडेक मिलिमीटरचे पाते हवे. शहाळे हे घडीच्या चाकूचे काम नव्हे. कालवेही नव्हेत, शिंपल्यात टोक घालून पिरगाळले की टोक मोडून आतच राहते. जाहिरातीत लिहिलेली लांबी बऱ्याचदा मुठीसकट असते, तेव्हा पात्याची लांबी आणि जाडी वेगळी दिलेली नसेल तर पुढे सरका.

पार्सल उघडल्यावर

घडीचा चाकू आधी बंदच ठेवून वरून पाहा. पाते दोन्ही बाजूंच्या मधोमध बसलेले हवे. एका बाजूला टेकले असेल तर उघडबंद करताना धार तिथे घासते आणि आठवड्याभरात त्या जागी बोथट होते. आता बंद चाकू पाते बाहेर पडायची फट खाली येईल असा धरून हलका झटका द्या. पाते आपोआप बाहेर आले तर तो चाकू खिशात ठेवायच्या लायकीचा नाही.

उघडून मूठ एका हातात, पात्याची पाठ दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरा. आधी डावी-उजवीकडे, मग वर-खाली हलवा. आडवी हालचाल सांध्याचा स्क्रू आवळून सुटते. तो बहुधा सहा पाकळ्यांचा, टी६ किंवा टी८ मापाचा असतो. वर-खाली हालचाल असेल तर खटका, म्हणजे उघडे पाते अडवून धरणारे कुलूप, पात्याशी नीट बसत नाही, आणि ते घरी दुरुस्त होत नाही. चाकू परत करा.

आतली पट्टी सरकून पाते अडवणारा खटका असेल, म्हणजे लायनर लॉक, तर पट्टी पात्याच्या बुडावर किती सरकली आहे ते पाहा. बुडाच्या जाडीचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग झाकला गेला तर उत्तम. नुसती कडेला टेकलेली पट्टी घसरते. अगदी पलीकडच्या भिंतीला लागलेली असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही.

खटक्याची खरी परीक्षा दाबाने होते. टेबलावर जुनी रबरी चप्पल ठेवा. चाकू उघडून खटका लावा, मूठ दोन्ही बाजूंनी बोटांच्या टोकांनी धरा, पाते मिटेल त्या वाटेत एकही बोट ठेवू नका. पात्याची पाठ चपलेवर टेकवून दाब हळूहळू वाढवत न्या. खटका सुटला किंवा कुरकुरत मागे सरकला तर संपले. पाठ टेबलावर आपटून बघायचे व्हिडिओ पुष्कळ आहेत, त्यांच्या नादाला लागू नका. चांगला खटकाही त्याने बिघडतो. व्हिक्टोरिनॉक्सच्या लहान चाकूंना खटका नसतो, नुसती स्प्रिंग असते. तो दोष नव्हे, पण त्याने भोक पाडायला टोक दाबू नका, पाते बोटांवर मिटते.

धार टॉर्चखाली पाहा. चाकू धार वर करून धरा आणि उजेड सरळ धारेवर पाडा. नीट लागलेली धार दिसतच नाही. जिथे पांढरा ठिपका चमकतो तिथे धार चपटी आहे किंवा दाता पडलाय. मग वर्तमानपत्राचा कागद बुडापासून टोकापर्यंत एका ओढीत कापा. जिथे अडकेल ती जागा लक्षात ठेवा. नव्या चाकूची धार बोथट असणे ही फसवणूक नाही, ती लावता येते. धारेच्या लगेच मागे पाते १ मिलिमीटर जाड असणे ही मात्र फसवणूक आहे. व्हर्नियर (जाडी मोजायची पट्टी) असेल तर मोजा. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असेल तर चाकू कापेल. १ मिलिमीटर असेल तर कितीही धार लावा, तो कांदासुद्धा कटकट आवाज करत फोडेल.

पात्याला पाणी नीट दिले आहे का, म्हणजे तापवून-बुडवून ते योग्य तेवढे कडक केले आहे का, हे स्क्रूड्रायव्हरच्या गोल दांडीवर कळते. दांडी टेबलावर आडवी ठेवा, धारेचा छोटा भाग २० अंशांत तिच्यावर टेकवा, हलके दाबून सरकवा. धार किंचित वाकून परत सरळ झाली तर पोलाद ठीक. वाकलेलीच राहिली तर मऊ, कण उडाला तर फाजील कडक. हे परत करायच्या मुदतीत, बुडाजवळच्या पाव इंचावरच करा. चुंबकाची परीक्षा मात्र अर्धवट आहे: तो चिकटला म्हणून पोलाद चांगले ठरत नाही. अजिबात चिकटला नाही तर हे पाते भांड्यांच्या पत्र्याचे असायची दाट शक्यता.

पोकळ मुठीत काडेपेटी आणि गळ, मुठीच्या बुडाला होकायंत्र, पाठीवर करवत, असा चाकू घेऊच नका. पोकळ मुठीत पात्याचे शेपूट जेमतेम इंचभर असते, नटाने आवळलेले, आणि पहिल्याच लाकडावर ते मानेशी तुटते. करवतीचे दाते आळीपाळीने दोन्हीकडे वळवलेले नसल्यामुळे ती लाकडात रुतून बसते.

पोलादाची नावे आणि खारा वारा

नुसते '४४० स्टेनलेस' लिहिले असेल तर बहुधा ४४०ए, म्हणजे त्यातले हलके, समजावे. ४४०सी असते तर विक्रेत्याने 'सी' मोठ्या अक्षरात छापला असता. 'सर्जिकल स्टील' ही कुठलीही ठरावीक जात नाही. 'दमास्कस'ची (थर जोडून केलेल्या पोलादाची) लाटालाटांची नक्षी पात्याच्या सपाट बाजूवर आहे आणि पाठीवर अचानक थांबते, तर ती वरून कोरलेली आहे.

गोव्यात सर्वांत जास्त निराशा डी२ हे पोलाद करते. बाहेर त्याचे कौतुक फार, धार टिकतेही. त्यात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास आहे म्हणून विकणारे त्याला सर्रास स्टेनलेस म्हणतात. पण त्यातले बरेचसे क्रोमियम कार्बनशी बांधले जाऊन कार्बाइडमध्ये अडकते आणि गंजाशी लढायला थोडेच उरते. कळंगुटच्या किनाऱ्यावर संध्याकाळभर खिशात ठेवून घरी येऊन पुसला नाही, तर सकाळी सांध्यापाशी गंज. इथल्यासाठी व्हिक्टोरिनॉक्सचे १.४११०, मोरा या स्वीडिश कंपनीच्या स्टेनलेस पात्यातले सँडविक १२सी२७, किंवा १.४११६ हे साधे पर्याय जास्त शहाणपणाचे. धार लवकर जाते, पण पाच मिनिटांत परत येते. खास समुद्रासाठीच हवा असेल तर एलसी२००एन. त्यात नायट्रोजन असल्याने खाऱ्या पाण्याचा त्याला फारसा त्रास नाही, खिशाला मात्र आहे.

साधे कार्बन पोलाद वाईट नाही, पण भिरंडा (कोकम) आणि काजूची बोंडे त्याला दोन मिनिटांत काळे करतात. आंबटपणाने आलेला तो करडा थर राहू द्या, तो पुढे थोडे संरक्षणच देतो. तांबूस गंज मात्र लगेच काढा.

ओपिनेल फुगला तर

ओपिनेल या फ्रेंच घडीच्या चाकूचा आठ नंबर, साडेआठ सेंटिमीटर पाते आणि बीच लाकडाची मूठ, हौसेने घेतला जातो आणि पहिल्या पावसात अडकून बसतो. लाकूड दमट हवेत फुगून सांध्याशी पाते आवळते. पक्कड लावू नका. आधी सांध्याजवळचे धातूचे कडे फिरवून कुलूप मोकळे करा, मग मुठीचे बूड टेबलावर खाडकन ठोका. पात्याचे टोक बाहेर येते, तिथे चिमटीत धरून ओढा.

कायमचा उपाय करायला वेळ लागतो. चाकू उघडा ठेवून कोरड्या जागी पाच-सहा दिवस वाळवा, चुलीच्या वर नको, लाकूड तडकते. पातळ पुठ्ठ्याला २४० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा आणि मुठीच्या चिरेत सांध्यालगत दोन्ही भिंती हलक्या घासा. पाते सहज फिरले की थांबा. जास्त घासले तर उन्हाळ्यात ते लुळे पडेल. मग रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवसाचे तेल चिंधीने चिरेत आणि मुठीवर पातळ लावा. एक दिवस सुकू द्या, असे तीन हात. तेलाची चिंधी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते; पाण्यात भिजवून मगच फेका.

बाजारातला कोयता

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मांडलेल्या कोयत्यांत चांगले आणि टाकाऊ एकाच चादरीवर असतात. लोहाराला विचारा, लोखंड कशाचे आणि पाणी कुठवर दिलंय. गाडीच्या कमानपाट्याचे असेल तर चांगले. पाणी फक्त धारेला हवे, पाठ मऊ राहिली पाहिजे, नाहीतर नारळाच्या सोडणावर पाते तडकते. परवानगी घेऊन धारेवर कानस हलकी ओढा: लोण्यासारखी चावली तर मऊ, काचेवरून घसरल्यासारखी गेली तर फार कडक, थोडी कुरकुरत चावली तर घ्या. पाते बोटाने टिचकवून आवाज ऐका. खणखणीत हवा, भद्द आवाजात चीर लपलेली असते. मूठ धरून पाते झटका. खडखडले तर शेपूट लाखेत सैल आहे, घरी आणून अराल्डाइटने बसवावे लागेल, तेवढे पैसे कमी करून मागा.

नवा कोयता विजेच्या मोटारीवर फिरणाऱ्या सहाणेवर पाजवून देतात. ठिणग्या उडताना धारेवर निळी-जांभळी छटा आली तर तेवढ्या भागाचे पाणी उतरले, तिथे धार टिकणार नाही. दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवायला सांगा, नाहीतर घरी दगडावर लावा.

आधीच घेतलेल्याचे काय

आडवे हलणारे पाते: स्क्रू काढा, दोऱ्यावरचे तेल स्पिरिटने पुसा, निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) टाचणीच्या डोक्याएवढा थेंब, मग पाते हलणे थांबेल पण फिरेल इतकेच आवळा. एक दिवस उघडू नका. लाल लॉकटाइट वापरले तर स्क्रू पुन्हा सहज निघत नाही.

जाड धार: ४०० नंबरच्या धारेच्या दगडावर कोन कमी करा, मग १००० नंबरच्या. पाते २ सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून ७ मिलिमीटर उचललेली धरा, साधारण २० अंश होतात. धारेवर मार्कर फासून दोन हात मारा. शाई कुठली गेली त्यावरून कोन चुकतोय का ते कळते. एका बाजूला पूर्ण लांबीभर बारीक कुसळ (धारेवरून पलीकडे वळलेली धातूची कड) हाताला लागेपर्यंत बाजू बदलू नका. धार लागत नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कुसळ यायच्या आधीच बाजू बदललेली असते.

गंजाचे ठिपके: २००० चा पॉलिश पेपर, तेलाचा थेंब, पात्याच्या लांबीच्या दिशेने. वर केमिस्टकडचे लिक्विड पॅराफिन पुसा. ते खाण्यालाही चालते आणि मोहरीच्या तेलासारखे चिकट होत नाही. किनाऱ्यावरून आल्यावर चाकू गोड्या पाण्यात उघडबंद करून वाळू काढा, नीट वाळवा, सांध्यात एक थेंब. चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका. चामडे ओल धरून ठेवते. म्यान खुंटीला, चाकू कपाटात.

खटका सुटणाऱ्या चाकूवर मात्र मेहनत घेऊ नका, आणि तो दुसऱ्या कुणाला देऊही नका. पाते मिटून चिकटपट्टीचे चार-पाच वेढे द्या, जाड पुठ्ठ्यात गुंडाळून वर 'धारदार' लिहा आणि भंगारवाल्याच्या हातात द्या, कचऱ्याच्या पिशवीत नको.