तालुक्याच्या गावी भाड्याचे पहिले घर घेताना
कापसाच्या चुकाऱ्यातून उरलेली रक्कम भाड्याच्या घरात गुंतवायची असेल, तर आधी भाडेकरूचा विचार करावा; लहान खेड्यात घर भाड्याने घेणारे विरळाच, म्हणून शिक्षक आणि बँक कर्मचारी जिथे राहतात त्या तालुक्याच्या ठिकाणी दोन खोल्यांपासून सुरुवात करणे बरे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे; त्यामुळे मूळ खरेदीखत, सातबारा किंवा मिळकत पत्रिका तपासल्याखेरीज इसार देऊ नये.

घर मात्र मे महिन्यात, तेही भर दुपारी पाहावे. काळी माती उन्हाळ्यात आकसते व पावसाळ्यात फुगते, म्हणून पाया उथळ असल्यास दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. ताज्या रंगाखालीही त्या बोटाने चाचपता येतात. कूलर बसेल अशी खिडकी आणि उन्हाळ्यात टिकणारे पाणी नसेल, तर भाडेकरूही टिकत नाही.

वर्षाच्या भाड्यातून घरपट्टी, दुरुस्ती आणि दोन रिकामे महिने वजा करूनच कर्जाचा हप्ता ठरवावा. करार तोंडी नको: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ जिथे लागू आहे, तिथे कलम ५५ नुसार तो लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाचीच असते, मग तो अकरा महिन्यांचा का असेना.