सरांना लिखाण दाखवायचं, पण कसं?

प्रोजेक्टचा चाळीस पानी गठ्ठा टेबलावर ठेवून "सर, जरा बघा ना, कसं झालंय?" असं विचारलं की सर दोन पानं चाळतात, "बरंय" म्हणतात आणि तासाला निघून जातात. सांगलीत कॉलेजला असताना मीही हेच करायचो.

आधी माणूस निवडा. तो तुमच्याच विषयाचा असायला हवा असं नाही. ज्यांच्याकडून पेपर लाल शाईने भरून परत येतात, त्यांना गाठा. मी अर्थशास्त्राचा प्रोजेक्ट घेऊन मराठीच्या मॅडमकडे गेलो होतो. त्यांना जे कळलं नाही, ते मीच नीट लिहिलं नव्हतं.

आदल्या दिवशी वेळ विचारून घ्या. इंटर्नलचे गठ्ठे तपासायचे दिवस टाळा. सगळा प्रोजेक्ट नको, सगळ्यात अडलेलं एकच पान न्या, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून. वर एक नेमका प्रश्न लिहा: 'दुसऱ्या परिच्छेदात माझा मुद्दा हरवतोय का?' ऱ्हस्व-दीर्घ मित्राकडून आधीच तपासून घ्या, त्यात सरांचा वेळ घालवू नका.

माझ्या पानावर वाक्य होतं, 'महापुरामुळे व्यापाऱ्यांचे अतोनात नुकसान झाले.' मॅडमनी 'अतोनात'भोवती गोल केला. "कुणाच्या दुकानात गेला होतास?"

"हरभट रोडला, कापडवाल्याकडे. खालचे तीन कप्पे चिखलात गेले होते, असं ते सांगत होते."

"मग हे कुठंय यात?"

नवं वाक्य असं झालं: 'ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेलं, हरभट रोडवरच्या एका कापड दुकानाचे खालचे तीन कप्पे चिखलात गेले.'

समोर बसल्यावर वाद घालू नका. तरी "मला म्हणायचं होतं की..." असं तोंडातून निघालंच, तर पुढचं वाक्य तिथल्या तिथे वहीत उतरवा. बहुतेक वेळा कागदावर तेच हवं असतं.

दोन-तीन दिवसांत पान पुन्हा लिहा आणि जुनं-नवं दोन्ही घेऊन जा. खरं शिकणं या दुसऱ्या खेपेला होतं, आणि नेमकी तीच बहुतेकजण टाळतात. दोन शिक्षकांनी उलटसुलट सांगितलं तर निर्णय तुमचा. मात्र दोघंही एकाच वाक्यापाशी अडखळले, तर ते वाक्य कितीही लाडकं असलं तरी काढा.