राउटरला विसरू देऊ नका

देवगडच्या घरातला छोटा संगणक आणि मुंबईतला माझा लॅपटॉप वायरगार्डने (इंटरनेटवरून दोन यंत्रांत खाजगी बोगदा बांधणारं सॉफ्टवेअर) थेट जोडले आहेत. कशासाठी, तर कलमांत वानरं शिरली की कॅमेऱ्यावर दिसावीत. सुरुवातीला जोडणी छान लागायची, पण चहा पिऊन परत येईस्तोवर देवगड गप्प!

दोष वायरचा नव्हता. आतून बाहेर कोण कोणाशी बोललं, याची नोंद राउटर ठेवतो आणि ती पाहूनच उत्तर आत सोडतो. वायरगार्ड यूडीपी या साध्या पद्धतीने पॅकेटं पाठवतं. तिच्यात 'बोलणं संपलं' असं सांगायची सोयच नाही, म्हणून थोडा वेळ शांतता दिसली की तो नोंद पुसून टाकतो. ही नोंद निदान २ मिनिटं ठेवावी, असं आरएफसी ४७८७ हा इंटरनेटचा नियमदस्तऐवज म्हणतो. ३० सेकंदांत पुसणारे राउटर मात्र सर्रास आहेत.

आधी दोन्हीकडच्या राउटरमध्ये वॅन पत्ता, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल, किंवा १०. ने सुरू होत असेल, तर तुमच्या राउटरच्या पुढे इंटरनेट कंपनीचाही एक राउटर बसलाय. अशा ठिकाणी आपल्या राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचं क्रमांकाचं दार) उघडून काही उपयोग नाही. एका टोकाला तरी सार्वजनिक, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा, पत्ता लागतोच. माझ्याकडे तो मुंबईला आहे, म्हणून तिथे राउटरवर वायरगार्डचं यूडीपी पोर्ट ५१८२० लॅपटॉपकडे वळवलं.

आता मुख्य काम. देवगडच्या वायरगार्ड फाइलमध्ये, मुंबईच्या पीअरखाली (पलीकडच्या यंत्राच्या भागात), 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ करा. दर २५ सेकंदांनी एक रिकामं पॅकेट बाहेर जातं आणि नोंद ताजी राहते. या रिकाम्या पॅकेटांचा खर्च दिवसाला जेमतेम २०० केबी. हे आतल्या बाजूनेच पाठवायला हवं; पुसलेल्या नोंदीवर बाहेरून कितीही टकटक केली तरी दार उघडत नाही. पावसात लाइट जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला, तरी आतलं पॅकेट नवी नोंद आपोआप करून घेतं.

मुंबईचा पत्ता बदलला तर मात्र अडतं. डायनॅमिक डीएनएसचं (बदलत्या पत्त्याला चिकटून राहणारं) नाव दिलं असलं तरी त्या नावाचा पत्ता वायरगार्ड सुरू होतानाच एकदा विचारतं. त्यामुळे हँडशेक (दोन टोकांची शेवटची ओळखपाळख) जुना दिसला की देवगडची जोडणी बंद-चालू करणारी छोटी स्क्रिप्ट तिथल्या संगणकाच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत) टाका. ते करण्याआधी मी दर वेळी बाबांना फोन करून बटण दाबायला लावायचो.

शेवटी तपासणी: दहा मिनिटं काहीही न करता थांबा, मग मुंबईहून देवगडला पिंग (उत्तर येतं का ते पाहणारं छोटं पॅकेट) करा. पहिल्याच पिंगला उत्तर यायला हवं.